कथिलाचा आवाज

शुक्रवार, १२ जानेवारी २००१

पुण्याहून पेटी आली एकदाची. अनुपमाने ती दारातच फोडली, मला बूट काढायलाही जागा ठेवली नाही. आत तिच्या आईची पितळेची चार पातेली, एकात एक बसलेली. प्रत्येकाच्या काठाखाली 'सौ. शोभना, १९६८' असं कोरलेलं. सगळ्यात लहान पातेलं जेमतेम वाटीपेक्षा मोठं असेल. वर्षभर आजीकडे असताना शुभ्राची कढी त्यातच होत असे.

शुभ्रा सहा वर्षांची आहे. नोव्हेंबरात इथे शारजाला आली, तेव्हापासून तिचं जेवण म्हणजे आमच्या घरातली रोजची लढाई. अनुपमाने मला स्पष्ट सांगितलंय की जूनपर्यंत पोरगी इथे रुळली नाही तर ती तिला घेऊन पुण्याला परत जाणार, तिथल्याच शाळेत घालणार. मी इथे एकटा राहायचं. तीन वर्षं एकटा राहिलोय, मला आता ते जमणार नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही, इथे लिहितो आहे.

पातेल्यांची कल्हई पार गेलेली. आतून पिवळं दिसतंय. अनुपमा म्हणाली, "यात कढी केली तर कळकेल. आता इथे कल्हईवाला कुठून आणू?"

मी म्हटलं, "घरात बसलाय ना. मेटलर्जीची डिग्री आहे त्याच्याकडे."

कितीतरी दिवसांनी हसली.

कामावरच्या डब्यातला कथिलाचा एक तुकडा धुऊन घरी आणला होता, शुभ्राला गंमत दाखवायला. लहानपणी आमच्या आळीत कल्हईवाला यायचा, तो कांडी कानाशी धरून वाकवायचा आणि आतून कुरकुर आवाज यायचा. कथील रडतं असं म्हणायचा तो. शुभ्राच्या कानाशी तुकडा धरून वाकवला.

"It's not crying, Baba."

पुन्हा वाकवला. नाहीच. तुकडा आखूड आहे आणि जाड आहे, कांडी लांब लागते त्याला. तसं तिला समजावलं तर म्हणाली, "Maybe it's happy."

मंगळवार, १६ जानेवारी

नवं काम माझ्या गळ्यात पडलं. आमचा कारखाना हमरिया फ्री झोनमध्ये, जुन्या बॅटऱ्या आणि भंगार शिसं वितळवून लगडी करायचा. आता एका शूटिंग क्लबला पिस्तुलाच्या सरावासाठी शिशाच्या गोळ्या हव्या आहेत. बार-बिर भरायचं ते परवानगीने तेच भरतील, आम्ही फक्त शिसं ओतून द्यायचं. मॅनेजर अजीजसाहेब म्हणाले, "हेमचंद्र, अलॉय आप तय करेंगे. मार्चएंड तक फायनल. यल्ला, चलो."

क्लबची रेंज हर्बर्ट डाबरे बघतो. आपला वसईचा. त्याची बायको करेन आमच्याच गल्लीतल्या क्लिनिकच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे घरोबा जुना. त्याने फोनवर नीट सांगितलं. "हे बघ हेम, पंचवीस मीटर, कागदाचं टार्गेट, एकदम हलका बार. मला काय चिलखत फोडायचं नाय. भोक गोल पडलं पाहिजे आणि नळीत शिसं चिकटलं नाय पाहिजे, खलास."

वाटतं तितकं सोपं नाही. निव्वळ शिसं मऊ, ते नळीला चिकटतं. अँटिमनी जास्त घातलं तर गोळी कडक होते, आणि हलक्या बाराने कडक गोळी नळीत नीट बसत नाही, बाजूने वायू निसटतो. मधलं काहीतरी पाहिजे. टायर बॅलन्सिंगची जुनी वजनं आमच्याकडे ढिगाने येतात, त्यात थोडं अँटिमनी आपोआपच असतं. ती अर्धी, मऊ शिसं अर्धं आणि वर दोन टक्के कथील. कथिलामुळे धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो आणि कडा धारदार येतात.

कथील माझ्या डब्यात आहेच. स्टोअरमध्ये रंगांची पद्धत मीच बसवली आहे. कथिलाच्या कांडीला लांबीभर पांढरी रेघ. रेडिएटरला डाख द्यायच्या सोल्डरला, म्हणजे अर्धं कथील अर्धं शिसं असतं त्याला, तीच पांढरी रेघ पण एका टोकाला हिरवा ठिपका. मी येण्याआधी सगळा गोंधळ होता.

गुरुवार, १८ जानेवारी

अर्धा दिवस. शेडच्या मागे मोकळ्यावर कल्हई केली. भट्टीवरचे दत्ताराम मदतीला. ते मालवणकडचे, त्यांच्या लहानपणीही कल्हईवाला यायचा, त्यामुळे दोघांनाही उत्साह. पातेलं तापवायचं, नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर, मग डब्यातला तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने पुसत न्यायचं. चारही पातेली आतून आरशासारखी झाली. दत्ताराम म्हणाले, "साहेब, नोकरी गेली तर धंदा तयार आहे."

अनुपमाने संध्याकाळीच कढी केली. शुभ्रा दोन वाट्या प्यायली. मी गप्प बसून बघत होतो, नजर लागेल म्हणून.

सोमवार, २९ जानेवारी

पहिल्या दोनशे गोळ्या हर्बर्टकडून परत. कडा गोलसर, अंगावर सुरकुत्या. "अरे, या साबणाच्या वड्या आहेत काय?" म्हणाला. साचा थंड असणार. दत्तारामांना सांगितलं, साचा आधी नीट तापवत जा.

घरी मात्र आनंद. रोज कढी, नाहीतर सार, नाहीतर चिंचगुळाची आमटी. शुभ्रा जेवते आहे.

बुधवार, ७ फेब्रुवारी

शुभ्राचं पोट दुखतंय. तीन दिवस झाले. शाळेतून चिठ्ठी आली की वर्गात लक्ष नाही, मुलांशी भांडते, कदाचित नव्या जागेशी जुळवून घेताना त्रास होत असेल. अनुपमाने चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. मला त्या चिठ्ठीचाच राग आला. सगळ्याला यांच्याकडे एकच उत्तर, ॲडजस्टमेंट.

क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी पोट तपासलं, बद्धकोष्ठ आहे म्हणाले, फळं द्या, पाणी द्या. अनुपमा म्हणाली, बाहेरचं सगळं बंद, फक्त घरचं गरम जेवण द्यायचं. मला पटलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

कारखान्यात दर सहा महिन्यांनी रक्त तपासतात, शिसं किती शिरलंय ते बघायला. माझं गेल्या खेपेला अठरा होतं, आता चौतीस. दत्तारामांचं बावीस, आणि ते दिवसभर भट्टीवर असतात. डॉक्टर म्हणाले, "ट्रायलच्या वेळी तुम्ही कढईवर फार वाकता." असेल. डोकं दुखतं, तोंडाला धातूची चव येते, रागही लवकर येतो. पण राग येण्यासारख्या गोष्टीच इतक्या आहेत.

आजपासून आणखी कडक नियम. कामावरच आंघोळ, कामाचे कपडे तिथेच धुवायचे, बूट लॉकरमध्ये. घरी शिशाचा कणही जाता कामा नये. शुभ्रा लहान आहे, लहान मुलांना हे फार लवकर बाधतं. हे मी अनुपमाला समजावून सांगितलं, तिने माझ्यासाठी दारात वेगळ्या चपला ठेवल्या.

मंगळवार, २० फेब्रुवारी

दोन टक्क्यांचं चार टक्के कथील केलं. माझ्या डब्यातलं निम्मं संपलं, तरी कडा तशाच. हर्बर्ट म्हणतो, दहा गोळ्यांत सहा बरोबर जातात, चार कुठे जातात ते त्यांनाच माहीत.

मग माझं डोकं फिरलं. दत्ताराम वितळलेल्या धातूवरची मळी काढताना कथील पण काढून टाकत असणार, दुसरं कारणच नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्ही नीट ढवळत नाही. कथील वर येतं आणि तुम्ही ते मळीबरोबर फेकता. वीस वर्षं काय शिकलात?"

ते पळी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, मळी वजन करून ठेवतो मी. बघा हवी तर."

मी बघितली नाही. बघितली असती तर माझी चूक निघाली असती, अशी भीती वाटली. हे लिहिताना लाज वाटते आहे.

शनिवार, २४ फेब्रुवारी

शुभ्राने आज ताट ढकललं. कढीसुद्धा नको म्हणाली. मी ओरडलो. "आजीने खास तुझ्यासाठी पातेली पाठवली, मी भट्टीजवळ उभं राहून कल्हई केली, आणि तू नको म्हणतेस?" ती रडली नाही, नुसती बघत राहिली. मग सगळी वाटी प्यायली, हळूहळू, माझ्याकडे बघत.

अनुपमा मला म्हणाली, "तू असा नव्हतास."

गुरुवार, १ मार्च

तिकिटं काढली. एकोणीस मे, मुंबईची, दोघींची. परतीची तारीख मोकळी. अनुपमा म्हणाली, "हेम, मी तुला दोष देत नाही. तिला इथलं मानवत नाहीये एवढंच. तीन किलो वजन उतरलंय तिचं. मलाही बरं नाही वाटत, सांधे दुखतात, सारखं पडून राहावंसं वाटतं. इथलं पाणीच असं असेल."

मी पाण्याचे मोठे बाटले लावले. महिन्याचे नव्वद दिरहम, म्हणजे अकराशे-साडेअकराशे रुपये. आता आमटीसुद्धा बाटलीच्या पाण्यात.

रविवार, ११ मार्च

ईदच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. डब्यातले तुकडे संपत आले म्हणून दत्तारामांनी स्टोअरमधून नवी अख्खी कांडी आणली. प्रमाण दोनच टक्के. साचा तोच, ताप पहिल्या खेपेइतकाच, ओतणारा तोच. पहिल्याच ओतीला गोळ्या अशा उतरल्या की बोट कापेल. मी चार साचे ओतवून घेतले, चारही तसेच.

दत्ताराम म्हणाले, "साहेब, ही नवी कांडी पातळ होते पटकन. तुमच्या डब्यातले तुकडे तसे होत नव्हते."

"कथील म्हणजे कथील, दत्ताराम. जुनं-नवं काय त्यात?"

"तसं नव्हे. ही वाकवली तेव्हा आवाज आला. त्या तुकड्यांना कधी आला नाही."

मला हे आधीच कोणीतरी सांगितल्यासारखं वाटलं, पण कोणी ते आठवेना. विसरायला फार होतंय हल्ली. डब्यातला एक तुकडा लॅबला पाठवला.

बुधवार, १४ मार्च

सुटलं. सुटलं कोडं. लॅबचा रिपोर्ट आला. माझ्या डब्यातले तुकडे कथील नव्हतेच. पन्नास टक्के शिसं. सोल्डर. डिसेंबरात रेडिएटरवाल्यांना नमुने द्यायला मीच कांड्या कापल्या होत्या, हिरव्या ठिपक्याकडून सुरुवात करून. ठिपका असलेली टोकं नमुन्यात गेली, उरलेल्या तुकड्यांवर नुसती पांढरी रेघ, आणि ते मी स्वतःच्या हाताने 'कथील' लिहिलेल्या डब्यात टाकले. म्हणजे मिश्रणात कथील निम्मंच पडत होतं. चार टक्के केलं तेव्हाही कडा तशाच राहिल्या, कारण एव्हाना मी इतका बिथरलो होतो की ताप सारखा वरखाली करत होतो.

दत्तारामांकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "राहू दे साहेब. मळी ठेवलीय अजून." तेवढ्याने मला जास्त लागलं.

हर्बर्टला फोन केला. नव्या गोळ्या त्याने कालच मारून बघितल्या होत्या. "दहापैकी दहा. नळी एकदम साफ. हे फायनल कर आणि हात लावू नको." अर्धी टायरची वजनं, अर्धं मऊ शिसं, दोन टक्के खरं कथील. अजीजसाहेबांनी पाठ थोपटली. महिनाभरानंतर डोक्यावरचा दगड उतरला. घरी फोन करून सांगितलं. अनुपमा म्हणाली, ये लवकर, मोठ्या पातेल्यात चिंचगुळाची आमटी करते, तुझ्या आवडीची.

गुरुवार, १५ मार्च

पातेली.

काल दोन वेळा आमटी वाढून घेतली मी. शुभ्राला आग्रह केला.

शुक्रवार, १६ मार्च

काल दुपारी भात वाढताना अनुपमाने पातेलं माझ्यासमोर ठेवलं आणि आतली चकाकी मी पाहिली. आंबट आमटी-कढी जिथपर्यंत चढते तिथपर्यंत ती काळपट पडली आहे. तेव्हा कळलं. सोल्डर. चिंच, ताक, आमसूल, टोमॅटो. दोन महिने रोज.

मला आठवलं की कोणी सांगितलं होतं. It's not crying, Baba.

आज सकाळी तीन पातेली पिशवीत भरून खाली नेली. अनुपमाने विचारलं तर म्हटलं, कल्हई उतरली आहे, पुन्हा करून आणतो. येताना स्टीलची भांडी घेऊन आलो. ती म्हणाली, इतकी घाई काय होती.

सांगायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. तिला ठाऊक आहे की मी बूट लॉकरमध्ये ठेवतो, आंघोळ करून येतो, चपला बदलतो. त्याच माणसाने घरात शिसं आणलं. असंही मनात आलं की कपड्यांमधून गेलं असेल म्हणून सांगावं. कारखान्याचा दोष होईल, नोकरीचा होईल, माझा तेवढा होणार नाही. दिवसभर ते मनात घोळत होतं. घरात या खोलीतून त्या खोलीत किती फेऱ्या मारल्या ते शुभ्राने मोजलं. "Forty-one, Baba."

शनिवार, १७ मार्च

करेनला क्लिनिकमध्ये गाठलं. शुभ्राचं रक्त तपासायचंय, शिशासाठी, असं म्हटलं. तिने पेन खाली ठेवलं. "हेम, तुझं तपासतात ते ठीक आहे. बाळाचं कशाला?"

मी सांगितलं. सगळं. बायकोच्या आधी मित्राच्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी दोघींना घेऊन ये. आणि आज घरी जाऊन अनुपमाला सांग. मी तिच्यापासून लपवणार नाय हं."

घरी गेलो तर अनुपमा झोपली होती, शुभ्रा तिला चिकटून. उठवलं नाही. उद्या क्लिनिकला जाताना सांगू.

रविवार, १८ मार्च

पातेली चार होती.

मी तीन नेली. चौथं, ते वाटीएवढं, फडताळात वेगळं ठेवलेलं, त्याची मला आठवणही राहिली नाही. आज सकाळी मी दाढी करत असताना अनुपमाने त्यात शुभ्रासाठी टोमॅटोचं सार केलं. पोट दुखतं म्हणून हलकं काहीतरी. मी बाहेर आलो तेव्हा शुभ्राच्या ओठांवर लाल मिशी होती.

मी तिच्या हातातून वाटी ओढली. सार टेबलावर, तिच्या फ्रॉकवर. ती घाबरून आईकडे पळाली. अनुपमाने माझ्याकडे बघितलं आणि मी ओट्याला धरून उभ्यानेच सांगितलं. सोल्डर, डबा, हिरवा ठिपका, आंबट. मला शुक्रवारपासून माहीत आहे हेही सांगितलं. गुरुवारपासून, खरं तर.

तिने आधी शुभ्राचं तोंड पुसलं. शुभ्राचा फ्रॉक बदलला, केस विंचरले. मग म्हणाली, "तिने सांगितलं होतं तुला. पहिल्याच दिवशी. रडत नाहीये म्हणून."

"हो."

"आणि तीन दिवस तू मला स्वयंपाक करू दिलास."

मी टेबलावरचं सार पुसायला घेतलं.

क्लिनिकमध्ये शुभ्राने हात पुढे केला आणि सुईकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी कढी पिताना बघत होती तशीच.

मंगळवार, २० मार्च

शुभ्रा एक्केचाळीस. अनुपमा एकोणतीस.

मोठ्या इस्पितळातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. पंचेचाळीसच्या वर असतं तर दाखल करून औषध चालू करावं लागलं असतं, म्हणाल्या. आता कारण थांबवायचं, लोह द्यायचं, दूध भरपूर, महिन्याने पुन्हा रक्त. अनुपमाने विचारलं, डोक्यावर काही परिणाम राहील का. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत सापडलंय, लक्ष ठेवू. नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होतो, त्या म्हणाल्या नाहीत.

टॅक्सीत अनुपमा खिडकीकडे तोंड करून रडली. शुभ्रा माझ्या मांडीवर झोपली होती. इतकी हलकी झाली आहे ती, मला इतके दिवस कसं कळलं नाही.

गुरुवार, २९ मार्च

पाडवा होऊन गेला. गुढीवर तांब्या अनुपमाने स्टीलचा लावला, तोही तिनेच स्टीलच्या ढिगातून निवडला.

पातेल्यांचं काय करायचं ते मी तिला विचारलं. पुन्हा कल्हई नाही, हे मीच सांगितलं. आतलं शिसं पुरतं निघालं याची खात्री मी देणार नाही, आणि माझ्या खात्रीला आता किंमतही नाही. भंगारात टाकली तर कोणीतरी उचलून घरी नेईल. म्हणून आज मोठ्या कातरीवर स्वतः कापली. दत्ताराम पलीकडून धरत होते. लहान पातेल्याशी आलो तेव्हा ते म्हणाले, "साहेब, नावाची पट्टी वेगळी काढा. बाहेरची बाजू आहे ती, घासून धुऊन घेऊ."

चारातल्या एकाचीच पट्टी नेली. 'सौ. शोभना, १९६८.' अनुपमाने ती बघितली, कपाटात साड्यांखाली ठेवली. आईला अजून सांगितलेलं नाही तिने. माझी चूक तिला सांगावी लागणार, याचाही मला त्रास होतो.

कारखान्यात नवा नियम लावला. रंग राहू दे, पण प्रत्येक कांडी कढईत जाण्याआधी कानाशी धरून वाकवायची. तुकडे वापरायचेच नाहीत. अजीजसाहेब हसले, "हबीबी, लॅब किसलिये है?" मी म्हटलं, लॅब पण आहे.

मंगळवार, २४ एप्रिल

शुभ्रा एकतीस. खाली येतंय. इन्शाल्ला, म्हणाली करेन, आणि शुभ्राला चॉकलेट दिलं. तिने ते तिथेच, पूर्ण, खाल्लं. आम्ही दोघं ते खाणं बघत उभे होतो आणि दोघांनाही एकमेकांकडे बघवलं नाही.

क्लबची पहिली मोठी ऑर्डर गेली. वीस हजार गोळ्या. हर्बर्टने फोन केला की तुझा अलॉय सगळ्यांना आवडला, नाव काय ठेवायचं. मी म्हटलं, काही नाव नको.

शुक्रवार, १८ मे

उद्या त्या जाणार. तिकिटं रद्द करायला मी सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार होतो? दोन महिने अनुपमा माझ्याशी नीट बोलते, हवं-नको विचारते, पण जेवण वाढताना पातेलं आधी उजेडाकडे तिरकं करून बघते. स्टीलचं असूनही. तिला ते कळतसुद्धा नसेल.

बॅगा भरून दारात ठेवल्यात. संध्याकाळी ती ओट्याशी उभी होती, मी सोफ्यावर. अचानक म्हणाली, "तांबट आळीतून नवं पातेलं घेणार आहे. लहान. आईचं नाव घालून घेते."

मी म्हटलं, बरं.

"कल्हई तिथेच करून घेईन. पण तिथल्या कल्हईवाल्याचं कथील कसलं असतं कोण जाणे. तू दे."

मला नीट ऐकू आलं की नाही अशी शंका आली. "मी?"

"तूच. आणि ऑगस्टला येताना ते पातेलं घेऊनच येणार मी. तिकिटाची तारीख टाकून घे सोमवारी."

नवी अख्खी कांडी घरातल्या माझ्या टेबलाच्या खणात होती, लॅबच्या सर्टिफिकेटसकट. नियम लावल्यापासून एक ठेवलेलीच असते, का ते मलाही माहीत नाही. आणून दिली. सर्टिफिकेट पुढे केलं, ते तिने घेतलं नाही. शुभ्राला हाक मारली.

शुभ्रा धावत आली. अनुपमाने कांडी तिच्या कानाशी धरली आणि दोन्ही हातांनी वाकवली. मी इकडे बसलेलो, मला काही ऐकू आलं नाही. शुभ्राचा चेहरा बघत होतो. तिने कान बाजूला केला नाही, आणखी एकदा रडव ना, म्हणाली. अनुपमाने पुन्हा वाकवली. मग स्वतःच्या कानाशी धरून तिसऱ्यांदा.

मग तिने ती वाकडी कांडी साड्यांखालच्या पट्टीबरोबर कपड्यात गुंडाळली आणि बॅगेत ठेवली.